भाजीपुरती जमीन

खुरपं असं धर, हूशाम. मुळाशी.
कांद्याच्या वाफ्यात वेल वर आला
की कुणाला दिसण्याआधी काढायचा, एवढंच तुझं काम.
राजा संध्याकाळी खाली उतरतो.
त्याच्या नजरेला पडता कामा नये.

तू विचारलंस, कांद्यांत द्राक्ष कुठून.

राजाला भाजी हवी होती.
द्राक्षमळे काय, शोमरोनच्या उतारावर मावत नव्हते त्याचे.
पण काकडी, लसूण, कोथिंबीर,
खिडकीत वास यावा इतक्या जवळ, ते नव्हतं.
भिंतीपलीकडे एका माणसाचं वतन होतं.
राजा स्वतः गेला. गोड बोलला.
बदल्यात दुसरा मळा देतो म्हणाला, नाहीतर रोख चांदी.
तो माणूस हात पुसत उभा राहिला
आणि म्हणाला, बापाचं आहे, कसं देऊ?

राजा येऊन भिंतीकडे तोंड करून निजला.
माझ्या काकड्या ताटातून तशाच परत आल्या,
मीठ लावलेल्या, पाणी सुटलेल्या.
आम्ही हसलो स्वयंपाकघरात.
म्हटलं, चला, मोठी माणसंही रुसतात.

मग पत्रं निघाली.
मला वाचता येत नाही.
शिक्क्यासाठी ओली माती मागितली, ती मी नेली,
चाळून, एकही खडा न ठेवता.
शिक्का राजाचा होता. बोटं राणीची.

गावात उपास पुकारला.
त्या माणसाला सगळ्यांपुढे, मानाच्या जागी बसवलं.
धुतलेला अंगरखा घालून आला होता बिचारा.
दोघं उठले.
नावं माहीत आहेत मला, सांगणार नाही,
एक जण अजून माझ्याकडून लसूण नेतो.
म्हणाले, याने देवाला शिव्या दिल्या.
आणि राजाला.
देव आधी, राजा नंतर. क्रम चुकला नाही. पाठ होता.
वडीलधारे जमिनीकडे बघत राहिले.
उपाशी माणूस मान लवकर हलवतो.

वेशीबाहेर नेलं त्याला.
पण यिज्रेलची माती काळी, लोण्यासारखी,
मुठीत मावेल असा दगड शोधून सापडत नाही.
कुणीतरी म्हणालं, त्याच्याच बांधावर आहेत की.
होते.
त्याच्या आज्याने, पणज्याने
वेलाच्या मुळांना टोचू नयेत म्हणून
एकेक वेचून रचलेले.
चार पिढ्यांचे दगड.
टोपल्या माझ्या होत्या.
भरल्याही मी.
पुढचं विचारू नकोस.
टोपली रिकामी परत आणली, एवढं सांगतो.

त्याच्या मुलांचंही विचारू नकोस.
वारस उरला तर वतन उरतं.

तिसऱ्या दिवशी बैल जुंपले, वेल उपटले.
बैल दोनदा गुडघ्यावर आले. मुळं खाली कुठवर गेली होती,
ते अजून कुणाला कळलेलं नाही. म्हणून हे असं उगवतं.

एकदा एक केसाळ माणूस
सरळ या वाफ्यांत घुसला, लसूण तुडवत,
आणि राजासमोर उभा राहून बोलला.
मी वाकलेला होतो.
मला फक्त कुत्र्यांबद्दल काहीतरी ऐकू आलं.
त्यानंतर राजा काही दिवस गोणपाट नेसून
हळू पावलांनी चालायचा.
भाजी मात्र रोज मागवायचा.

गाऱ्हाणं?
पाऊस मारतो तेव्हा माणूस राजाकडे जातो, पोरा.
हा बघ, आणखी एक. बोटभर.
कापलास की पाणी गळेल, घाबरू नकोस,
वेलाचं असंच असतं, रात्रभर गळतं.

पावलं वाजतायत. राजा आला.
कोथिंबीर खुडली का? आण टोपली.
ती नको.
दुसरी.